ओला जव

आमचं घर तळ्यात आहे. पाण्यात खांब रोवून त्यावर उभं केलेलं, गोल, आणि काठापासून घरापर्यंत लाकडी पूल. मी लग्न होऊन त्या पुलावरून आले तेव्हा घरात माझा नवरा लोसिओ, त्याचा धाकटा भाऊ उइस्त आणि सासू वेपा अशी तीन माणसं होती. सासरे बरेच आधी गेलेले. सासूला मी आत्या म्हणायचे.

माझी मुलगी मोन्ना जन्मली त्याच उन्हाळ्यात रोमन आले. त्यांनी खोऱ्यातली कोठारं जाळली, गुरं हाकून नेली. आम्ही रानात लपून धूर बघत होतो. मग त्यांच्या आणि आमच्या थोरल्यांचा तह झाला आणि तहाची हमी म्हणून त्यांनी प्रत्येक खोऱ्यातून एकेक तरुण मागितला. आमच्या खोऱ्यात काड्या ओढल्या. आखूड काडी उइस्तच्या हातात आली.

आत्या रडली नाही. ती बोलायला लागली. सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत नुसती बोलत राहायची. लाकडं ओली आहेत, मेंढ्या मूर्ख आहेत, आणि मला म्हणे, देरेला, तू मीठ फार घालतेस. सगळ्यांवर बोलायची, फक्त उइस्तचं नाव त्यात कधी यायचं नाही.

पानगळीला रोमन फौज परत दक्षिणेकडे निघाली. ती दूरच्या खिंडीतून गेली, आम्हाला नुसता आवाज आला. त्यानंतर काही दिवसांनी आत्या आणि मी छपरासाठी लव्हाळं कापायला तळ्याच्या वरच्या टोकाला गेलो होतो. मोन्ना माझ्या पाठीला बांधलेली. समोरचं लव्हाळं हललं. मला वाटलं हरीण. तर दाढीवाला एक थोराड माणूस मांडीपर्यंत पाण्यात उभा, आणि त्याच्या पाठीवर दुसरा एक, काळसर, डोळे मिटलेला.

दाढीवाल्यानं तलवार उपसली. मी मोन्नाला पाठीवरून पुढे घेतलं. आत्यानं विळा खालीसुद्धा ठेवला नाही.

"पाण्यात उभा राहून काय लढतोस?" ती म्हणाली. "बाहेर ये आधी."

त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "मारू नका गं बायांनो. मी फार दमले आहे. काल सकाळपासून उपाशी फिरते आहे मी."

भाषा दक्षिणेकडची, पण आम्हाला समजेल अशी. आत्यानं आणि मी एकमेकींकडे बघितलं. एवढी दाढी, एवढे खांदे, आणि बोलणं हे असं. पुढे कळलं की रोमनांच्या किल्ल्याबाहेर दारू विकणारी एक बाई होती, तिच्याकडून तो आमच्या बाजूची भाषा शिकला होता. जशी ऐकली तशी उचलली. कोणी हसलं तर त्याला वाटे आपल्या विनोदाला हसतात.

"पाठीवरचा कोण? मेलाय का?" आत्यानं विचारलं.

"मेलेला नाही. पाय चेंगरलाय गाडीखाली. आमचे लोक म्हणाले, इथंच थांबा, मागून गाडी पाठवतो. भूर्जाच्या झाडाखाली बसून वाट बघितली मी. कोणी आलं नाही. मग याला उचलला आणि दक्षिणेला निघाले."

"दक्षिण ती नव्हे." आत्यानं विळ्यानं मागे दाखवलं. "दक्षिण ती. तू आमच्याकडे चालत आलास, बाबा."

तो माणूस वळून तिकडे बघत राहिला. मग त्यानं तलवार म्यानात घालायचा प्रयत्न केला, पण पाठीवरच्या ओझ्यामुळे ती जाईना. शेवटी ती आत्यानंच त्याच्या हातातून काढून घेतली, जसं पोराच्या हातातून काठी काढून घ्यावी तशी.

दोघांना घरी नेताना वाटेत आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "दोन आहेत. रोमनांना त्यांची दोन माणसं परत हवी असतील की नाही? मला एक पुरे आहे."

उइस्त गेल्यानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल काही बोलली होती.

दाढीवाल्याचं नाव बितुस. थ्रेस नावाच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातला, नोकरीत म्हातारा होत आलेला. पाय मोडलेला तो नंफामो, समुद्रापलीकडच्या गरम देशातला, लोसिओपेक्षाही लहान.

"त्याच्या नावाचा अर्थ चांगल्या पायगुणाचा माणूस," बितुसनं आम्हाला सांगितलं.

आत्यानं नंफामोच्या सुजून काळ्यानिळ्या झालेल्या पायाकडे बघितलं. "दिसतोच आहे पायगुण," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी किनिओख मामा आला. तो आमच्या खोऱ्याचा प्रमुख. लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणतात. त्याच्यामागे पुलावर माणसं उभी होती. ज्यांची कोठारं जळली होती, ज्यांची माणसं मेली होती अशी. दोघांना तळ्यात बुडवायचं असं त्यांचं ठरून आलं होतं. लोसिओही त्यांच्याच बाजूचा. त्यानं रात्रभर आईशी भांडण केलं होतं.

आमच्याकडे रीत आहे, ज्याच्या लव्हाळ्यात जे सापडेल ते त्याचं. आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वेपा, ते रोमन आहेत," मामा म्हणाला.

"बदक असो नाहीतर रोमन. माझ्या लव्हाळ्यात सापडलेत."

"बदक कोठारं जाळत नाही."

"म्हणूनच बदकाच्या बदल्यात कोणी माझा पोरगा परत देणार नाही."

काड्या मामानंच धरल्या होत्या. तो म्हणाला, बर्फ वितळेपर्यंत ठेव. मग त्यांच्या किल्ल्यावर जाऊन अदलाबदल करू. माणसं कुरकुरत परत गेली. लोसिओ त्यांच्याबरोबर पुलाच्या टोकापर्यंत गेला आणि अंधार पडेपर्यंत काठावरच बसून राहिला.

तो हिवाळा आम्ही सहा जणांनी एका चुलीभोवती काढला. नंफामोला उठता येत नव्हतं आणि त्याला थंडी तर अशी वाजायची की अंगावर दोन घोंगड्या असूनही दात वाजत. मग मी मोन्नाला त्याच्या कुशीत ठेवू लागले. एक तर तो गरम राहील, आणि माझे हात मोकळे होतील. तो तिला मांडीवर घेऊन त्याच्या भाषेत काहीबाही सांगत बसायचा. कुठल्याशा झाडांबद्दल सांगायचा, ज्यांच्या फळातून तेल निघतं. तेलाची आठवण आली की डोळे मिटून नाकानं श्वास घ्यायचा. आमच्याकडे माशाचं तेल, त्याच्या वासानं तो तोंड फिरवायचा. हळूहळू त्याला आमचे शब्द येऊ लागले. मला वहिनी म्हणायला त्याला मोन्नाच्या बापानं शिकवलं नाही, आत्यानं शिकवलं.

आत्या आणि बितुस मात्र सकाळी उठल्यापासून भांडत. तो म्हणे धूर कोंडतो, छपराला वर भोक मोठं करायला हवं. ती म्हणे, तुझ्या बापाचं छप्पर आहे का? तो म्हणे पेज पातळ आहे. ती म्हणे, खेचरासारखा खातोस तरी पेज पातळ. दुसऱ्या दिवशी तो छपरावर चढून भोक मोठं करत असे आणि ती खालून ओरडत असे, "डावीकडे, मेल्या! डावीकडे! पडलास तर मी उचलणार नाही!" त्याची बोलीही तीच दुरुस्त करायची. "दमले नाही, दमलो म्हण. पुरुष आहेस ना?" तो दिवसभर दमलो दमलो म्हणत फिरायचा आणि संध्याकाळी पुन्हा, "बाई गं, पाठ धरली माझी, मेले मी."

मला कळायला वेळ लागला की आत्या आता पूर्वीसारखी सतत बोलत नाही. ती बोलते, मग थांबते, आणि समोरून उत्तर यायची वाट बघते.

एकदा चुलीपाशी बसून लोकर पिंजताना तिनं विचारलं, "रोम कसं आहे रे?"

"मी पाहिलेलं नाही."

"आणि या पोरानं?"

"त्यानंही नाही."

आत्यानं हातातली लोकर खाली ठेवली. "मग कशाला आलात आमची कोठारं जाळायला?"

बितुस म्हणाला, "लहान असताना आमच्या डोंगरात माणसं भरती करायला आले. घरात खाणारी तोंडं फार होती. मी गेलो."

"मी ते विचारलं नाही. हातात मशाल घेतली होतीस का?"

"घेतली होती. या खोऱ्यात नाही. पलीकडच्या."

लोसिओ ताडकन उठला. मला वाटलं आता काही तरी होणार. आत्यानं त्याला हातानंच बसवलं. तिनं बितुसची पेज वाढली, वाटी त्याच्यासमोर ठेवली, आणि त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. भांडणसुद्धा नाही. घर इतकं शांत झालं की मोन्ना घाबरून रडायची.

बितुसनं त्या दिवसांत काठावरची आमच्या जळक्या कोठाराची जागा साफ केली. बर्फात उभा राहून दगड आणले, लाकडं तासली. त्यांच्या किल्ल्यात धान्याची कोठारं जमिनीपासून उंच असतात म्हणे, खाली वारा खेळावा आणि उंदीर चढू नये म्हणून. तसंच त्यानं दगडाच्या बुटक्या खांबांवर कोठार उभारायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. लोसिओ रोज लांबून बघायचा. एके दिवशी मोठी तुळई बितुसला एकट्याला उचलेना, तेव्हा लोसिओ पाय आपटत गेला, दुसरं टोक उचलून खांबावर बसवलं, आणि परत आला. मग रोजच जायला लागला. कोठार झालं तेव्हा आत्या पाहायला गेली. चारही बाजूंनी फिरली, खाली वाकून बघितलं.

"दार लहान ठेवलंस," ती म्हणाली.

बितुसचा चेहरा असा उजळला, जसं तिनं त्याला मिठीच मारली.

बर्फ वितळल्यावर मामाची माणसं अदलाबदलीचं बोलायला किल्ल्याकडे गेली आणि लगेच परत आली. किल्ला रिकामा होता. दरवाजे त्यांचे त्यांनीच जाळून टाकले होते, विहिरीत दगड भरले होते. त्यांचा थोरला राजा मेला होता आणि सगळी फौज दूर दक्षिणेला, त्यांनी मुलखाची हद्द म्हणून बांधलेल्या लांबलचक भिंतीपलीकडे निघून गेली होती. आमची पोरं त्यांच्यासोबत.

नंफामो हे ऐकून रडला. तोवर तो काठीवर चालायला लागला होता, तरी जिथं होता तिथंच बसला.

"आपली गाडी येणारच नव्हती," बितुस त्याला म्हणाला.

आता हे दोघे कोणाच्या काही कामाचे नव्हते. पुलावर पुन्हा माणसं जमली. या वेळी अदलाबदलीचं कारण आत्याकडेही उरलं नव्हतं. तेव्हा बितुस बाहेर गेला आणि मामासमोर उभा राहिला.

"मला जाऊ द्या. भिंतीपर्यंत जातो, हिच्या पोराला घेऊन येतो."

लोसिओ हसला. "गेलास की परत कशाला येशील?"

"हा इथं आहे." बितुसनं नंफामोकडे बोट केलं. "त्याला पाठीवर घेऊन मी सगळी दलदल तुडवलीय. फुकट घालवू का ती मेहनत?"

मामानं विचार केला. "जव कापून होईपर्यंत थांबू," तो म्हणाला. "खोऱ्यातला शेवटचा जव आडवा होईल तोवर तू आला नाहीस, तर या लंगड्याचा जीव जाईल. कबूल?"

बितुस काही बोलायच्या आत नंफामोच म्हणाला, "कबूल." आमच्या भाषेत, स्पष्ट.

निघायच्या आदल्या दिवशी आत्यानं बितुसला दारात उजेडाला बसवलं. वाटेत आमच्याच लोकांनी त्याला मारू नये म्हणून अंगावर आमची खूण हवी. आमच्या घराची खूण मासा. आत्याचा मासा खोऱ्यात सगळ्यांना ओळखू येतो, कारण तिला शेपूट कधी सरळ काढता आलेली नाही. तिनं हाडाची सुई आणि निळा रंग घेतला आणि त्याच्या हातावर गोंदायला बसली. पहिल्याच टोचणीला तो केवढ्यानं ओरडला!

"एवढी युद्धं केलीस आणि सुईला भितोस?"

"युद्धात कोणी सावकाश टोचत नाही!"

तिनं मुद्दाम सावकाश केलं. मला दिसत होतं ना. एकेक खवला काढत होती. नंतर फडक्यानं रक्त पुसताना म्हणाली, "नाही आलास तरी ही खूण जाणार नाही. मरेपर्यंत आमच्याच घरचा राहशील, समजलं?" मग एकदम उठून त्याच्यासाठी सुकं मांस बांधायला आत गेली आणि तिथं भांडी आदळत राहिली.

बितुस गेला. उन्हाळाभर नंफामो आमच्याबरोबर शेतावर यायचा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोन्ना. ती तेव्हा उभी राहायला लागली होती. एकदा मी कापड धूत होते आणि तो काठावर बसला होता. मोन्ना त्याच्यासमोर हात पसरून एक शब्द म्हणाली. आई नाही, बाबा नाही. मला तो शब्दच कळला नाही. मी नंफामोकडे बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी.

"काय म्हणाली?"

"ये म्हणाली, वहिनी. माझ्या आईच्या भाषेत."

मी लोसिओला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो चिडेल. तो जाळं विणत होता. "तिला आपलेही शब्द शिकव म्हणावं त्याला," एवढंच म्हणाला.

जव पिकला. खोऱ्यात कापणी सुरू झाली. एकेकाचं शेत मोकळं होत गेलं. बितुसचा पत्ता नव्हता. आत्या रोज सकाळी आमच्या शेताच्या बांधावर जायची, एक ओंबी तोडायची, हातावर चोळायची आणि म्हणायची, "ओला आहे अजून."

शेजारच्यांचं शेत कापून झालं. त्याच्या पलीकडचंही झालं. मग आमचंच एक उरलं. जव पिवळ्याचा पांढुरका व्हायला लागला, ओंब्या वाकल्या. आम्ही कापत नव्हतो. पाखरं मात्र उतरायला लागली, आणि ती उडवायला नंफामोच शेतात जाऊन काठी आपटत ओरडायचा. ज्या शेताच्या कापणीवर त्याचा जीव टांगलेला, त्याचीच राखण करत. मी त्याला म्हटलं, तू घरी बस. तर म्हणाला, "वहिनी, पाखरांनी सगळं खाल्लं तर तेही कापणीच झाली ना?"

ज्यांना सूड हवा होता ते मामाला घेऊन आले. मामा बांधावर आला तेव्हा आत्या, लोसिओ आणि मी, तिघंही तिथं होतो.

"वेपा, जव कधीचा तयार आहे."

"ओला आहे," आत्या म्हणाली.

"दाणे गळायला लागलेत."

आत्यानं हातावर गळलेले दाणे मुठीत झाकले. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. तेव्हा लोसिओ पुढे झाला. दोन्ही रोमनांना बुडवा म्हणणारा माझा नवरा.

"मामा, शेत माझं आहे. मी रोज बघतो. ओला आहे."

कोणीतरी मागून म्हणालं, "खोटं बोलतोय!" मामानं वाकून एक ओंबी तोडली. हातावर चोळली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. कडकन आवाज झाला. तो बांधावरच्या सगळ्यांना ऐकू आला. मामा चावत राहिला. त्यानं आत्याकडे बघितलं, मग शेताच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथं नंफामो मोन्नाला खांद्यावर घेऊन पाखरं उडवत होता.

"ओला आहे खरा," मामा म्हणाला, आणि हात झटकून निघून गेला. प्रमुखच म्हणाला म्हटल्यावर बाकीचे काय करणार?

पण मामालाही किती दिवस तसं म्हणता येणार होतं? एका दुपारी गारा पडल्या आणि निम्मं शेत झोपलं. आम्ही चिखलात उतरून, जे उभं होतं ते वाचवता येतं का बघत होतो. तेवढ्यात आत्या सरळ झाली. खिंडीकडून दोन माणसं येत होती. एक उंच, एक थोराड, आणि दोघांचं मोठमोठ्यानं भांडण चाललेलं. शब्द ऐकू येत नव्हते, पण एवढ्या लांबून भांडणाच्या सुरावरूनच आत्यानं ओळखलं.

ती धावली नाही. होती तिथंच चिखलात बसली. उइस्त धावत आला आणि तिच्यासमोर वाकला. पायात रोमन जोडे, हनुवटी गुळगुळीत, अंगाला घोड्याचा वास.

"केस कोणी कापले तुझे?" आत्या म्हणाली. मग तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि उन्हाळ्यापासूनचं, त्याआधीच्या उन्हाळ्यापासूनचं सगळं रडून घेतलं.

बितुस मागे उभा होता. अधिकच म्हातारा दिसत होता. नंफामो काठी टाकून लंगडत गेला आणि त्याला मिठी मारली, तर तो म्हणाला, "सोड, सोड, पाठ धरलीय माझी." आणि स्वतः मात्र त्याला सोडलं नाही.

काय झालं ते उइस्तनं सांगितलं. बितुस भिंतीपाशी पोचला, पण त्याच्या हातावरचा मासा बघून त्याच्याच लोकांनी त्याला पकडलं. हा फितूर झाला, रंगवलेल्यांचा, म्हणजे आमचा झाला, म्हणून कोंडून ठेवलं. त्याच किल्ल्यात उइस्त घोड्यांकडे कामाला होता. कोंडलेल्यांना पाणी द्यायला तो गेला आणि त्याला तो मासा दिसला.

"शेपूट वाकडी," उइस्त म्हणाला. "मी म्हटलं, ही तर आईच!"

त्यांच्या अधिकाऱ्याला तोवर ओलीस ठेवलेल्या पोरांचा कंटाळा आला होता. नव्या राजाला उत्तरेशी काही देणंघेणं नव्हतं, पोरांना सोडा म्हणून हुकूमही आला होता, पण त्यांना पोचवणार कोण? बितुस म्हणाला, मी पोचवतो. म्हातारा, गोंदलेला, कोणाला नको असलेला शिपाई. अधिकाऱ्यानं पोरांची आणि त्याची, दोन्ही ब्यादी एकदम टाळल्या. बाकीच्या खोऱ्यांतली पोरंही बितुसनंच घरोघर सोडली, म्हणून एवढा उशीर झाला.

"त्यांना आधी का सोडलंस?" आत्यानं डोळे पुसत विचारलं. "इथं आमचा जीव गेला असता!"

"त्यांची घरं वाटेत होती, बाई. आणि त्यांनाही आया आहेत."

भांडणात बितुस पहिल्यांदाच जिंकला असेल.

दुसऱ्या दिवशी आमचा जव कापायला सगळं खोरं आलं, सूड मागणारेसुद्धा, मामाही. निम्मा दाणा मातीत गेला होता. त्या हिवाळ्यात आम्ही शेजाऱ्यांच्या धान्यावर जगलो आणि कोणी बोलून दाखवलं नाही.

थंडी पडल्यावर एके सकाळी आत्यानं लोसिओला सांगितलं, "बितुस यापुढे माझ्या बाजूला झोपेल. दाराकडे त्याला वारा लागतो." उइस्त हसला आणि म्हणाला, वाटभर हा माणूस आईबद्दलच विचारत होता. लोसिओ उठून बाहेर गेला आणि दिवसभर लाकडं फोडत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मेंढीचं नवं कातडं होतं. ते त्यानं आईच्या अंथरुणावर टाकलं आणि जेवायला बसला.

नंफामोला आम्ही सगळ्यांनी राहा म्हटलं. तो वसंतापर्यंत राहिला. पण त्याची आई जिवंत होती, निदान त्याला तसं वाटत होतं, आणि पूर्वेच्या समुद्रावर दक्षिणेकडे जाणारे व्यापारी येतात हे त्याला कळलं होतं. निघाला त्या सकाळी मोन्ना त्याचं बोट सोडेना. शेवटी मी तिला उचलून घेतलं, आणि तो मला वहिनी म्हणून काहीतरी सांगायला लागला, पण त्याला आमचा शब्द सापडेना आणि त्याच्या भाषेतला मला कळला नसता. मी म्हटलं, "कळलं. जा आता."

बितुस त्याला समुद्रापर्यंत पोचवायला गेला. पुलावरून जाताना गाठोडं कोणी घ्यायचं यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. शेवटी एकेक टोक धरून ते डोंगराआड गेले.

बितुस परत आला तेव्हा आम्ही सगळे दारात होतो.

"गेला?" आत्यानं विचारलं.

"गेला. नाव हलली न हलली तोच ओकला."

आम्ही हसलो. बितुसही हसला, मग काठावर फाटलं जाळं पसरलं होतं तिथं जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला आणि गाठी मारायला लागला. जेवायची वेळ झाली तरी उठला नाही. कोणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं आत्या उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर ओढून घेतलं.